हूक, पाटे, कॅरिअर घेण्याआधी माप कसं घ्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरातून आणि पंढरपूर, बार्शी, मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोट या भागांतून फोनवर किंवा दुकानात येऊन लोक जे विचारतात, ते इथं एका जागी लिहून ठेवलं आहे. पिकअपचे पाटे (चाकांवर गाडी तोलणाऱ्या पोलादी स्प्रिंग-पट्ट्या), गाडीच्या मागचा ट्रेलर जोडायचा हूक, टपावरचं कॅरिअर, हौद्यावरचं (मागच्या माल भरायच्या जागेवरचं) कव्हर अशा सामानाबद्दलचे हे प्रश्न आहेत. घोटाळा बहुतेक वेळा दोनच ठिकाणी होतो. एक तर लोक गाडीच्या नावावर सामान मागवतात. दुसरं म्हणजे, सामान जागेवर बसलं की वजनही झेपेल असं धरून चालतात.

गाडीचं मॉडेल आणि साल सांगितलं तर पुरेसं नाही का?

नवी, कंपनीतून आलेली आणि हात न लागलेली गाडी असेल तर बरंच काम त्यावर भागतं. पण आपल्याकडच्या पिकअप दोन-तीन मालकांच्या हातांतून आलेल्या असतात. कुणी कांद्यासाठी पाटे वाढवलेले असतात, कुणी हौदा बाहेरून बांधून घेऊन वीतभर लांब केलेला असतो. त्यातच एकाच नावाची पिकअप वेगवेगळ्या टनांच्या प्रकारांत येते आणि त्यांचे पाटे सारखे नसतात. एमएच १३ची पाटी बघून खालचे पाटे कळत नाहीत. मॉडेल आणि साल सांगाच, सोबत मापही द्या.

माप घ्यायला काय काय लागतं?

पाच मीटरचा स्टीलचा टेप, व्हर्निअर (जाडी आणि व्यास मोजायचं जबड्यांचं साधन), ओळंबा आणि खडू. शिवणकामाचा कापडी टेप नको, तो ताणला जातो. व्हर्निअर नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात साधा मिळतो. पाट्याची जाडी आणि बोल्टचा व्यास टेपनं मोजायच्या भानगडीत पडू नका.

टेपच्या टोकाची पत्र्याची पट्टी थोडी हलते, म्हणून टेप खराब आहे असं समजून काहीजण ती ठोकून घट्ट करतात. तसं करू नका. ती पट्टी स्वतःच्या जाडीइतकीच मागेपुढे होते. बाहेरून अडकवली की ती ओढली जाते आणि आतून टेकवली की दाबली जाते, त्यामुळे दोन्ही वेळा माप बरोबर येतं. ठोकलीत तर आतलं आणि बाहेरचं यांपैकी एक माप कायमचं चुकणार.

मे महिन्याच्या उन्हात टेप वाढून माप चुकेल का?

नाही. तीन मीटरचा स्टीलचा टेप २५ अंशांनी तापला तरी जेमतेम एक मिलिमीटरच्या आत वाढतो. कॅरिअरला किंवा हौद्याला त्यानं काही फरक पडत नाही. सावलीत मोजा ते स्वतःसाठी. सोलापूरच्या दुपारी चेसीला हात लावता येत नाही, मग घाईत माप चुकतं.

आमचा फिटर सुतात सांगतो, तुम्ही मिलिमीटरमध्ये विचारता. जमवायचं कसं?

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा इंच. फॅब्रिकेशनला सुताचा हिशेब पुरतो. पाटे, बोल्ट आणि हूक यांना पुरत नाही. अर्धा इंची बोल्ट १२.७ मिमीचा असतो आणि एम १२चा बोल्ट १२चा. शिवाय दोघांचे आटे वेगळे. नट दोन-तीन आटे फिरतो आणि अडतो, मग पान्याला पाइप लावून तो जबरदस्तीनं बसवला जातो. असा बोल्ट आतून फाटलेला असतो आणि भर लोडात सुटतो. नट शेवटपर्यंत हातानं फिरला पाहिजे. नाही फिरला तर बोल्ट वेगळा आहे.

पाट्यांची मापं कोणती आणि कशी घ्यायची?

हा भाग नीट वाचा, कारण परत येणाऱ्या सामानात पाटेच जास्त असतात.

आधी गाडी सपाट जागेवर रिकामी उभी करा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, खाली पक्के स्टँड हवेतच.

पहिलं माप पाट्याच्या रुंदीचं. व्हर्निअरनं मधे घ्या. कडेला गंज फुगलेला असतो, तो खरवडून काढा. दुसरं माप प्रत्येक पाट्याच्या जाडीचं, वरपासून खालपर्यंत ओळीनं. सगळे सारख्याच जाडीचे असतील असं धरू नका, बऱ्याच गाड्यांत खालचा मदतीचा पाटा जाड असतो.

तिसरं माप लांबीचं आणि चूक होते ती इथंच. मेन पाट्याची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी लोक सांगतात. आम्हाला ती दोन तुकड्यांत लागते. सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या मधल्या बोल्टच्या) मध्यापासून पुढच्या बुशच्या (पाट्याच्या टोकाच्या गोल डोळ्यातल्या नळीच्या) मध्यापर्यंत एक आणि तिथूनच मागच्या बुशच्या मध्यापर्यंत दुसरी. अनेक गाड्यांत पुढचा भाग आखूड आणि मागचा लांब असतो. एकूण लांबी जुळलेला पण सेंटर बोल्ट ठीक मधे असलेला पाटा घातला, तर ॲक्सल मागेपुढे सरकतो. मग चाक मडगार्डच्या एका कडेला येतं आणि प्रोपेलर शाफ्टवर ताण बसतो. मागे बार्शीकडचे एक शेतकरी पाटा खांद्यावर घेऊनच दुकानात आले. ‘मालक, लांबी मोजून आणलीय, सूतभर पण फरक नाही,’ म्हणाले. लांबी खरंच जुळत होती. त्यांचा पाटा आणि दुकानातला पाटा शेजारी उभे करून भोकांवर खडूची खूण केली, तर सेंटर बोल्टच्या जागेत बोटभर अंतर. दुकानातला पाटा त्यांनी तिथंच ठेवला.

लांबी मोजताना टेप पाट्याच्या वाकासोबत ठेवला की बुश ते बुश सरळ धरला, तेही लिहा. दोन्हींत फरक येतो. बुशचा आतला व्यास आणि त्याची रुंदी घ्या. आणि माप डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचं घ्या. एका बाजूचा पाटा आधी कधीतरी बदललेला सापडतो.

यू-बोल्ट जुनेच वापरले तर चालतील?

नाही. यू-बोल्ट, म्हणजे पाटे ॲक्सलला आवळून धरणारी यू आकाराची सळी, एकदा आवळला की ताणला जातो. पाटे खोलले की यू-बोल्ट आणि नट नवे घ्यावेत. मापं चार: सळीचा व्यास, दोन पायांमधली आतली रुंदी, वाकाच्या आतल्या बाजूपासून टोकापर्यंत पायाची लांबी, आणि वाक गोल आहे की चौकोनी. एक ८ मिमीचा पाटा वाढवत असाल तर पायाची लांबीही ८ मिमीनं वाढवायला हवी. आवळल्यावर नटाच्या बाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत.

एक जाड पाटा वाढवला तर किती जास्त माल भरता येईल?

कायद्यानं एक किलोही नाही. आरसीवर लिहिलेलं एकूण वजन हीच मर्यादा. ते वजन ब्रेक, ॲक्सल, टायर, चेसी या सगळ्यांचा विचार करून ठरलेलं असतं. पाटा वाढवल्यानं गाडी बसत नाही, म्हणून ती तेवढं झेलते असं वाटतं. ब्रेक मात्र तेच राहतात.

हिशेब करून बघा. समजा एकूण वजनाची मर्यादा ३००० किलो आणि रिकामी गाडी १७०० किलो. उरले १३००. ड्रायव्हर आणि हमाल मिळून १५० गेले. वाढवलेले पाटे, लोखंडी कठडा, ताडपत्रीचा सांगाडा यांचे ७० धरा. मालाला १०८० किलो राहिले, म्हणजे ५० किलोची एकवीस पोती. मार्केट यार्डात एवढ्यावर थांबणारे कमी, हे माहीत आहे. तरी हिशेब हाच आहे.

जाडीबद्दल एक गोष्ट समजून घ्या. लांबी-रुंदी तीच ठेवून जाडी वाढवली, तर पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो. ८ मिमीच्या जागी १० मिमीचा पाटा घातला, तर तो जवळजवळ दुप्पट ताठ होतो. कुणी ८ मिमीऐवजी ‘तीन सुती’ म्हणजे साडेनऊ मिमीचा घातला, तर दिसायला दीड मिलिमीटरचा फरक, पण त्या पाट्याचा ताठपणा पावणेदोनपटीच्या जवळ जातो. रिकाम्या गाडीचं मागचं टोक मग प्रत्येक खड्ड्यात उसळतं आणि पावसात ब्रेक मारला की मागची चाकं घसरतात.

अजून एक, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चेसीकडे एक बारीक दांडी जाते. तिच्या वर लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. गाडी मागून किती दबली यावरून तो मागच्या ब्रेकचा जोर ठरवतो. पाटे वाढवून गाडी उचलली गेली की व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. पाट्यांत बदल केला तर ही दांडी गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे पुन्हा लावून घेतलीच पाहिजे. फिटरला हे आठवण करून द्या, तुमच्या जिवाची गोष्ट आहे.

सीएनजी बसवल्यापासून कार मागून बसते. स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालू का?

टाकीचंच वजन साठ किलोच्या आसपास असतं आणि ते कायम डिकीत असतं, त्यामुळे बसणारच. आधी स्प्रिंग थकली आहे का, तुटली आहे का, शॉकअपमधून तेल गळतंय का, ते बघा. तुटलेल्या स्प्रिंगवर बफर घालून उपयोग नाही.

बफर घ्यायचाच असेल तर गाडीच्या नावावर घेऊ नका. गाडी रिकामी, चाकं जमिनीवर असताना कॉइलच्या दोन वेटोळ्यांमधली मोकळी जागा सगळ्यांत मोठी जिथं आहे तिथं व्हर्निअरनं मोजा. स्प्रिंगच्या तारेची जाडीही घ्या, बफरच्या खाचेत तार नेमकी बसायला हवी. मोठा बफर ठोकून घातला की ती वेटोळी जाम होतात आणि उरलेल्यांवर सगळा ताण येतो. आमचं मत विचाराल तर योग्य ताठपणाची नवी स्प्रिंग हाच बरा उपाय. फक्त तारेची जाडी जपून निवडा. तिथं ताठपणा चौथ्या घातानं वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून १२ची तार १३ची केली तर स्प्रिंग ३५ टक्क्यांहून जास्त ताठ होते.

शॉकअपसाठी पूर्ण दाबलेली लांबी, पूर्ण ताणलेली लांबी आणि दोन्ही टोकांची बुश किंवा बोल्टची मापं पाठवा. नुसतं ‘मागचा शॉकअप’ म्हणून चालत नाही.

गाडी किती बसली किंवा उचलली गेली हे कसं मोजायचं?

जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नका. टायरमधली हवा कमी-जास्त झाली की ते माप बदलतं. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. कडेवरून ओळंबा सोडा, म्हणजे टेप तिरका जाणार नाही. मोजण्याआधी गाडी हातानं दोन-तीनदा दाबून सोडा आणि एक-दोन मीटर पुढेमागे घ्या. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजली तर ती उंचच दिसते. चारही चाकांची मापं रिकाम्या आणि नेहमीच्या लोडच्या गाडीत वेगवेगळी लिहा.

मागच्या हुकाचा गोळा कोणत्या मापाचा घ्यायचा?

ट्रेलरच्या कपलरवर (गोळ्यावर बसणाऱ्या वाटीवर) लिहिलेलं असतं, त्याच मापाचा. युरोपच्या पद्धतीचा गोळा ५० मिमीचा असतो, अमेरिकन पद्धतीचा दोन इंची म्हणजे ५०.८ मिमीचा. फरक मिलिमीटरच्या आत असला तरी दुर्लक्ष करू नका. दोन इंची कपलर ५०च्या गोळ्यावर बसतो, पण सैल राहतो आणि स्पीडब्रेकरवर उसळून निघू शकतो. उलट ५०चा कपलर दोन इंचीवर नीट मिटतच नाही. अमेरिकन मापांत पावणेदोन आणि दोन इंचांच्या मधला १ ⅞ इंचाचा, तसंच २ ⁵⁄₁₆ इंचाचाही गोळा असतो, म्हणून नजरेनं अंदाज बांधू नका. जुना गोळा व्हर्निअरनं दोन-तीन दिशांनी मोजा, तो एकाच बाजूनं झिजतो. ५०चा गोळा कुठंही ४९पर्यंत आला असेल तर बदला.

उंचीही महत्त्वाची. भरलेल्या गाडीत गोळ्याचा मध्य जमिनीपासून ३५० ते ४२० मिमीच्या दरम्यान असावा, हे युरोपीय नियमांतलं माप आहे. आपल्याकडे उजनीच्या कालव्याकडेच्या रस्त्यांवरून आणि शेताच्या बांधांवरून जायचं असतं. तेव्हा मागच्या टायरच्या जमिनीला टेकलेल्या कडेपासून हुकाच्या सर्वांत खालच्या टोकापर्यंत दोरा ताणून बघा. रोजच्या वाटेवरचा उंचवटा त्या दोऱ्याला लागणार असेल, तर हूक घासणारच.

हुकाच्या पट्टीवर ‘डी’ नावाचा आकडा कोरलेला असतो, हूक किती ओढ झेलतो ते तो सांगतो. तुम्हाला किती लागतो, याचा हिशेब असा. गाडीचं वजन गुणिले ट्रेलरचं वजन, भागिले दोघांची बेरीज, हे सगळं टनांत, आणि मग गुणिले ९.८१. दीड टनाची गाडी आणि एक टनाचा ट्रेलर असेल तर १.५ भागिले २.५ म्हणजे ०.६ आणि त्यावरून ५.९ किलोन्यूटन. पट्टीवरचा आकडा यापेक्षा मोठा हवा. पट्टीच नसलेला, वेल्डिंग करून दिलेला हूक आम्ही बसवत नाही.

हुकावर ८० किलो वजन येणार. गाडीला एवढंसं काय होतंय?

हूक मागच्या ॲक्सलच्या मागे असतो, म्हणून ते ८० किलो ८०च राहत नाहीत. दोन ॲक्सलमधलं अंतर अडीच मीटर आणि हूक मागच्या ॲक्सलपासून एक मीटर मागे असेल, तर मागच्या ॲक्सलवर ११२ किलो वाढतात आणि पुढचे ३२ किलो कमी होतात. स्टिअरिंग हलकं लागतं ते त्यामुळे. सायकल कॅरिअर आणि हुकावरची जाळी यांनाही हाच हिशेब.

ट्रेलरचा दांडा हुकावर किती दाबतो, हे घरच्या वजनकाट्यावर मोजता येतं. ट्रेलर आडवा, सपाट ठेवून दांड्याखाली लाकडाचा ठोकळा लावा, उंची हुकाइतकीच हवी. पूर्ण गाडीसाठी मोठ्या वजनकाट्यावर जा आणि पुढचा-मागचा ॲक्सल वेगवेगळा करून घ्या. आपल्या भागात साखर कारखाने आणि मार्केट यार्डामुळे काट्यांची वानवा नाही.

ट्रॅक्टरला उसाच्या दोन ट्रॉल्या लावतो. पिन कोणती घेऊ?

पिन घेण्याआधी ट्रॉलीच्या रिंगचं भोक मोजा, उभं आणि आडवं. गोल भोक लांबट झालेलं असेल तर नव्या पिनेनं खडखड थांबणार नाही, रिंगच बदलावी लागेल. जुनी पिन टोकाशी न मोजता मधल्या झिजलेल्या भागात मोजा आणि टोकाच्या मापाशी ताडून बघा. बोटानं कड लागते तिथं पिनेचं आयुष्य संपत आलेलं असतं. पिन निसटू नये म्हणून लावायच्या लिंच पिनेऐवजी तार किंवा खिळा घालू नका. दुसऱ्या ट्रॉलीची जोडणी तशीच तपासा, तिच्यातली ढिलाई चढावर दिसत नाही आणि उतारावर धक्का देते. सुरक्षेची साखळी आणि मागचे रिफ्लेक्टर हंगाम सुरू व्हायच्या आधी लावून घ्या. रात्री महामार्गावर अंधारात थांबलेल्या ट्रॉलीला मागून धडकून माणसं गेली आहेत.

टपावरच्या कॅरिअरसाठी कोणती मापं?

टपाला उंच रेल आहे, चिकटलेली रेल आहे, की काहीच नाही, हे आधी बघा. उंच रेल असेल तर रेलची जाडी, खालची फट आणि दोन्ही रेलमधलं बाहेरून बाहेरचं अंतर घ्या. हे अंतर पुढे आणि मागे वेगळं घ्या. बहुतेक गाड्यांचं टप मागे निमुळतं होतं, म्हणून दोन्ही दांड्या सारख्या लांबीच्या मागवल्या तर एक बाहेर डोकावते. रेल नसेल तर क्लॅम्प दरवाज्याच्या फटीत बसतो. तिथं रबराला खाच पडते का आणि दार पूर्ण मिटतं का, ते बघा.

टपाची वजनमर्यादा गाडीच्या पुस्तकात असते. ती ५० किलो असेल आणि कॅरिअर २० किलोचं, तर बॅगांना ३० किलोच राहतात. तुळजापूरला किंवा आषाढीला पंढरपूरला जाताना सगळ्या घरादाराच्या बॅगा वर जातात. जड भांडी आणि धान्य डिकीत ठेवा, वर अंथरूण-पांघरूण.

हौद्याच्या कव्हरसाठी किंवा लायनरसाठी?

आतली लांबी तळाशी आणि वरच्या काठाशी वेगळी मोजा, फाळका थोडा तिरका असतो. रुंदी दोन चाकांच्या उंचवट्यांमधली आणि त्यांच्या वरची, अशा दोन. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर हौदा पिळलेला आहे आणि तयार कव्हर एका कोपऱ्यात उचललेलं राहील.

आरटीओ अडवेल का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२ ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढचे लोखंडी बुल बार काढायला लावण्याबद्दल केंद्रीय मंत्रालयानं डिसेंबर २०१७मध्ये राज्यांना लिहिलं होतं. आम्ही ते विकत नाही. धडकेत ते पादचाऱ्याला जास्त मारतात आणि एअरबॅगच्या वेळेतही गडबड करू शकतात.

माल हौद्याच्या बाजूंना, पुढे-मागे किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला तर कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये दंड आहे. जादा वजनाला २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २०००. कॅरिअर किंवा सायकल नंबरप्लेट झाकत असेल तर तीही अडचणच. हूक आणि पाट्यांबद्दल शंका असेल तर सामान घेण्याआधी आरटीओत विचारा.

चाकं बदलायची आहेत. पाच बोल्टांचं पीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास) कसं काढू?

शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधलं अंतर घ्या आणि त्याला १.७०१नं गुणा. अंतर ८२.१ मिमी आलं तर पीसीडी १३९.७, ६७.२ आलं तर ११४.३. मधलं भोक आणि ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर) हेही जुळायला हवेत.

तुम्हाला माप पाठवताना काय लिहू?

असं लिहिलंत तर परत फोन करावा लागत नाही: ‘पिकअप, साल अमुक, दुसरा मालक, हौदा बाहेरून बांधलेला. मागचे पाटे, उजवी बाजू. रुंदी ७० मिमी. वरून जाडी ८, ८, ८, ११. सेंटर बोल्ट ते पुढचा बुश ५९५, मागचा बुश ६५५, टेप वाकवून. डावी बाजू तशीच. नेहमीचा माल कांदा, टनभर.’ सोबत फोटो पाठवा, ज्यात टेपचा शून्याचा भाग आणि वाचायचा आकडा दोन्ही दिसतील. तिरका काढलेला फोटो पाच मिमीचं खोटं बोलतो, म्हणून मोबाइल टेपच्या अगदी समोर धरा.

बसवून झाल्यावर परत यावं लागतं का?

हो. यू-बोल्ट, हुकाचे बोल्ट आणि कॅरिअरचे क्लॅम्प पहिल्या ५०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्यानं पुन्हा तपासायचे. पाटे एकमेकांवर बसतात, रंगाचा थर दबतो आणि आवळ कमी होते. बसवताना आम्ही नटावर आणि बोल्टवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून देतो. रेघ तुटलेली दिसली तर ५०० किलोमीटरची वाट न बघता लगेच गाडी आणा. माल भरलेला असेल तर आधी उतरवून या, यू-बोल्ट रिकाम्या गाडीतच आवळतो.